नलूच्या कंपासपेटीतलं मेण

मी, कमलाकांत देवू चुरी, वय वर्षे साठ, धंदा दागिन्यांच्या डाय कोरण्याचा, तो तीन वर्षांपूर्वी बंद, राहणार तारापूर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, हे माझे शेवटचे इच्छापत्र सांगून लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक घातलेला नाही, गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलणाऱ्याला मी ओट्यावर चढू देत नाही, हे आळीत सर्वांना ठाऊक आहे. डोळे मात्र गेलेले आहेत. पालघरचे डॉक्टर काचबिंदू म्हणाले. उजेड कुठे आणि काळोख कुठे, एवढंच कळतं. म्हणून हा कागद माझ्या हातचा नाही.

लिहिणारी नलू आहे. नलिनी रामा राऊत, माझी मयत बायको मंजुळा हिची पहिल्या घरची मुलगी. वकिलाने हे करू नका म्हणून सांगितलं होतं. ज्याला मिळकत मिळणार त्याच्याच हातचं मृत्युपत्र असलं की कोर्टाला संशय येतो, म्हणाला. मी म्हटलं, संशय मलाही येतो, पण तुमच्या टायपिस्टचा जास्त येतो. तो काय बडवतोय ते मला दिसणार नाही, आणि तो माझ्या पुतण्याच्या टपरीवर चहा पितो. नलूवर मी बावीस वर्षं पाळत ठेवलेली आहे. तिच्या खोडी मला जेवढ्या माहीत आहेत तेवढ्या दुसऱ्या कोणाच्याच नाहीत. तेव्हा वकील म्हणाला, निदान ज्याला काही मिळणार नाही अशा माणसाकडून साक्षीदारांसमोर सगळं मोठ्याने वाचून घ्या. ते मी करणारच होतो.

१. घरची माणसं. मला पोटचं मूल नाही. मंजुळेशी माझं लग्न १९७४ सालच्या वैशाखात झालं. माझं पहिलं, तिचं दुसरं. तिचा पहिला नवरा रामा राऊत हा माकुणसारचा, पानवेलीची वाडी करायचा, काविळीत गेला. मंजुळेबरोबर नऊ वर्षांची नलू माझ्या घरी आली. मंजुळा १९९१ साली वारली. आता घरात मी आणि नलू. ती बोईसरला एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, लग्न झालेलं नाही, त्याचं कारण पुढे येईल. हा कागद न करता मी गेलो तर कायद्याने सर्व काही माझा पुतण्या शिवाजी याला जातं. सावत्र मुलगी कायद्यात कुठेच बसत नाही. वकिलाला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाला. म्हणजे नलूने आपली ट्रंक उचलून चालू पडायचं. ते होऊ नये म्हणून हा खटाटोप.

२. तपासणी. पहिल्या बैठकीत मी नलूला मुद्दाम असं सांगितलं की, नलूला फुटका स्टोव्ह आणि मागच्या दाराची कडी द्यावी, बाकी सर्व शिवाजीला, कारण नलू पहिल्यापासून आतल्या गाठीची आहे. तिने मध्ये एवढंच विचारलं, "स्टोव्ह वातीचा की पंपाचा?" पंपाचा, म्हटलं. संध्याकाळी ती बाजारात गेल्यावर शेजारचे जानू मास्तर यांच्याकडून ते पान वाचून घेतलं. जसं सांगितलं तसंच होतं, आतल्या गाठीची सुद्धा, ऱ्हस्वदीर्घासकट बरोबर. ते पान फाडलं. हे दुसरं.

३. घर. तारापुरातलं माझं राहतं घर, तीन खोल्या, ओटा, परस आणि विहिरीतला अर्धा हिस्सा. माझ्या कमाईने बांधलेलं आहे, वडिलोपार्जित नाही, तेव्हा शिवाजीने त्यात नाक खुपसू नये. पूर्वेस रस्ता, उत्तरेस जानू मास्तरांचं कुंपण, दक्षिणेस विहीर, पश्चिमेस साखरबाईचे बोंबील वाळवायचे बांबू, जे दोन हात माझ्या हद्दीत आहेत आणि एकोणीस वर्षं उद्या काढते म्हणून तसेच आहेत. हे घर नलूला. संपूर्ण, कायमचं, विकायच्या अधिकारासह.

४. पत्र्याची ट्रंक. माळ्यावरची हिरवी ट्रंक माझी मिळकत नाही. ती नलूने माकुणसारहून आणलेली आहे. शिवाजी मोजदाद करायला येईल म्हणून लिहून ठेवतो.

ती ट्रंक घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला चहा आणून दिला. मी विचारलं, काय हवंय? म्हणाली, "काय नको." काहीच नको असलेलं पोर मी तोवर बघितलं नव्हतं, त्यामुळे मला जास्तच संशय आला. मंजुळा तिला म्हणायची, यांना बाबा म्हण. ती तोंड मिटून बसायची. पंधरा दिवसांनी काका म्हणाली, आजही काका. मला वाटायचं, माकुणसारचे चुलते तिला पढवून पाठवतात, डायवाल्याच्या घरी सोनं किती आहे बघून ये म्हणून. आमच्याकडे सगळं लोखंड. सोनं सोनाराकडे असतं, पण लोकांना कुठे समजतं. सुट्टीत ती आजीकडे जाऊन आली की मी विचारायचो, तिकडे काय काय विचारलं? "आजी इचारते, तुमी मारता का." मग काय सांगितलंस? "नाय मारत म्हटलं. बोलतच नाय म्हटलं."

एकदा बोईसरच्या बाजारातून तिला चपला आणल्या, त्या दोन बोटं आखूड निघाल्या. तिने टाच बाहेर ठेवून वर्षभर वापरल्या. मंजुळा म्हणाली, पोरीला तुमचं मन मोडायचं नव्हतं. मी म्हटलं, तसं काही नाही, सावत्र बाप कशा चपला आणतो ते तिला गावाला दाखवायचं होतं. हे लिहिताना नलू हसली. खरं कुठलं ते विचारलं, तर म्हणते दोन्ही. तसंच लिही म्हटलं.

५. आरसा. ओट्यावरच्या खुंटीचा, लाकडी चौकटीचा आरसा नलूला. तो कशासाठी हे समजायला माझा धंदा सांगावा लागेल. कोर्टात कोणी घाटावरचा न्यायाधीश असला तर त्याला कुठून कळणार.

डाय म्हणजे लोखंडाचा ठोकळा. त्यात छिन्नीने नक्षी खोल कोरायची, मग तापवून पाणी द्यायचं, म्हणजे तो कडक होतो. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि नक्षी पत्र्यावर उठून येते. म्हणून डायमध्ये सगळं उलटं कोरायचं. दागिन्यात कैरीचं टोक उजवीकडे हवं तर लोखंडात ते डावीकडे घ्यायचं. कोरताना मधून मधून मेण दाबून बघायचं, दागिना कसा उठेल ते मेणात दिसतं. आणि आमच्यात चोरी होते ती पण मेणानेच. पाहुणा म्हणून आलेला माणूस मुठीत मेणाची गोळी घेऊन येतो, तुम्ही पाणी प्यायला उठलात की तुमचं तीन महिन्यांचं काम त्याच्या खिशात. म्हणून डायवाल्याच्या पाठीमागे कोणी उभं राहत नाही, आणि कोणी आलं की कामावर फडकं पडतं. मी घरच्यांसाठीही फडकं टाकायचो. मंजुळेने माझी एकही डाय अर्धवट असताना बघितलेली नाही.

दिवसा लाईट गेली की नलू हा आरसा घेऊन ओट्यावर उभी राहायची आणि खिडकीतून ऊन माझ्या हातांवर पाडायची. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच सुरू केलं. आत येऊ दिलं नाही. ओट्यावरून तिला माझे हात दिसतात आणि डाय दिसत नाही, हे मी स्वतः बाहेर उभा राहून तपासून घेतलं होतं. तासभर उभी राहायची. ऊन सरकलं की आरसा सरकायचा. मी वर बघायचो नाही, ती बोलायची नाही. या घरात आम्हा दोघांना एकमेकांजवळ बरं वाटलं असेल तर ते तेवढंच, सहासात वर्षं, लाईट जाईल तेव्हा. पण तेव्हा मनात यायचं की एवढं पोर एवढा वेळ हलत नाही, म्हणजे काहीतरी बेत आहे. बेत होताच. ती शिकत होती.

६. हत्यारं. सतरा छिन्न्या, दोन हातोड्या, कानशी, लहान ऐरण, पितळी कडीचं भिंग. सर्व नलूला. छिन्न्यांच्या पेटीच्या फटीत मी दोरा अडकवून ठेवायचो, कोणी उघडली तर पडेल असा. १९७६ साली एक बारीक छिन्नी हरवली तेव्हा नलूला दोन दिवस विचारत होतो. ती माझ्याच रॉकेलच्या वाटीत निघाली. तिला तसं सांगितलं नाही, गुपचूप पेटीत ठेवून दिली. नलू म्हणते, "मला दिसली होती वाटीत. पन मी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, तूच टाकलीस." बरोबर आहे, म्हटलं असतं. हत्यारं तिने वापरावीत, विकावीत, खाडीत टाकावीत. पॅकिंगच्या कामाने बोटं जड झाली म्हणते.

७. बिस्किटांचा डबा. माळ्यावर, ट्रंकेच्या मागे, गंजलेला, दोरीने बांधलेला. त्यात दोन वस्तू आहेत. एक मेणाचा तुकडा आणि एक लोखंडाचा. दोन्ही नलूच्या आहेत, माझ्या कधीच नव्हत्या.

१९८१ सालच्या जानेवारीत, नलू दहावीत असताना, मुंबईचा व्यापारी माझ्याकडे आला. मी तीन महिने राबून वेलीतल्या कैरीची डाय त्याच्यासाठी केली होती. त्याने मेण दाबून बघितलं आणि म्हणाला, ही नक्षी महिन्यापूर्वीच बाजारात आलीय, मला नको. माझं डोकं फिरलं. घरातला डबा न् डबा उपसला. नलूच्या दप्तरात कंपासपेटी होती, तिच्यात मेणाचा तुकडा होता, आणि मेणात माझी कैरी होती.

मी तिला दंडाला धरून अंगणात आणलं. साखरबाई बोंबील निवडत होती, जानू मास्तर कुंपणाशी आले, आळीतली आणखी माणसं जमली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, परक्याचं पोर पोसलं आणि त्याने माझं घर बाजारात विकलं. नलू म्हणाली, "मेन माजं हाय, काका. मीच कोरलंय. थांबा, आनून दाखवते." मी सोडलं नाही. म्हटलं, पुरावा लपवायला जातेस? पोरीने डाय कोरली असं या गावात कोणी ऐकलंय? मंजुळा दारात होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग नलूकडे, आणि नलूला म्हणाली, "कुणाला दिलंस ते सांगून टाक." त्यानंतर नलूने काही आणून दाखवायचं नाव काढलं नाही. ओट्यावर आरसाही पुन्हा आला नाही.

इथवर नलूला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. लिहीत राहा.

आठ दिवसांनी मी परसातून जळण काढत होतो. लाकडांमागे एक लोखंडाचा तुकडा सापडला, माझ्या भंगारातला. त्यात कैरी कोरलेली होती. वेल जाड, दोन ठिकाणी छिन्नी घसरलेली, शिकाऊ हात. आणि कैरीचं टोक लोखंडातच उजवीकडे होतं. सरळ कोरलं होतं, दागिन्यात दिसतं तसं. उलटं कोरायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. कुठून असणार? मी टाकून दिलेले मेणाचे तुकडे तेवढे तिने बघितले होते, डाय मी कधी बघू दिली नव्हती. मग मी तिच्याकडून काढून घेतलेलं मेण भिंगाखाली धरलं. त्यात टोक डावीकडे होतं. माझ्या डायमधून तसं मेण निघूच शकत नाही. कुठल्याही डायवाल्याला हे एका नजरेत कळलं असतं. मी त्या दिवशी भिंग न लावता अंगणात ओरडत उभा होतो.

तिने चोरी केलेली नव्हती. सोळा वर्षांच्या पोरीने कोणी न शिकवता, ओट्यावरून हात बघून, पहिली डाय कोरली होती.

आणि मी काय केलं, तर दोन्ही वस्तू डब्यात घातल्या, डबा बांधला आणि मूग गिळून बसलो. अंगणात बोललेलं परत घ्यायचं तर अंगणातच जावं लागलं असतं. आज नको, शिमगा झाल्यावर, पाऊस झाल्यावर, असं करत राहिलो. मंजुळेने मरेपर्यंत कपाटाची किल्ली कमरेला ठेवली, ती नलूच्या हाती लागू नये म्हणून. मी बघत होतो. १९८६ साली सफाळ्याचं स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत होता, चांगली माणसं होती. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि ती पुन्हा आली नाहीत. मी तेव्हाही बोललो नाही. मला लाज वाटते. लाज वाटते असंच लिही, दुसरा शब्द घालू नको.

नलू थांबली आहे. पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला तिचं तोंड दिसत नाही.

तिने विचारलं, "कधी समजलं म्हणालात?"

आठ दिवसांनी, म्हटलं.

"मग आयला तरी सांगायचं होतंत."

ती उठून मागे गेली. विहिरीचा रहाट वाजत राहिला, पाणी भरायची वेळ नसताना. बऱ्याच वेळाने येऊन बसली आणि म्हणाली, "माजं मधलं सुटलं. पहिल्यापासून सांगा, हळू." तेव्हा हे कलम मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. वर आहे तो मजकूर दुसऱ्यांदा सांगितलेला आहे. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

८. शिवाजी. माझा पुतण्या शिवाजी यास माझा रेडिओ, मनगटी घड्याळ आणि पतपेढीत जे काही निघेल ते. घरावर त्याचा काडीचाही हक्क नाही. माझी कैरी बाजारात कोणी नेली हे मला कधी कळलं नाही. तो व्यापारीच खोटं बोलत होता असंही असेल. शिवाजी, त्या वर्षी तू रोज माझ्याकडे बसायला यायचास, आणि उन्हाळ्यात तुझ्याकडे नवी लुना आली, एवढं मला आठवतं. पण तुझ्यावर आळ घेत नाही. एकदा घेतला तो अजून निस्तरतोय. अग्नी तूच दे, तुला चारचौघांत पुढे उभं राहायला आवडतं. मडकं नीट धर.

९. वाचन आणि साक्षीदार. हा कागद जानू मास्तरांनी माझ्या अंगणात, भर दिवसा, मोठ्याने वाचावा. खोलीत वाचू नये. साक्षीदार म्हणून मी साखरबाईला बोलावलं आहे. नलू म्हणाली, तीच कशाला, ती तर गावभर करील. म्हणूनच, म्हटलं. १९८१ साली जे अंगणातून बाजारात गेलं ते तिच्याच टोपलीतून गेलं, आता हेही जाऊ दे. साखरबाईला या कागदाने काहीही मिळत नाही, बांबूखालचे दोन हातही नाहीत. मिळणारा माणूस साक्षीदार होऊ शकत नाही, असं वकील म्हणाला.

१०. ……………………………………………………………

……………………………………………………………………

यापुढचा मजकूर मी सांगतो तसा जानू मास्तर लिहीत आहेत. तो नलूविषयी आहे, म्हणून तिच्याकडून लिहवला नाही.

आज सकाळी अंगणात वाचन झालं. खुर्चीवर मी, बाकावर मास्तर, डॉक्टरांचे कंपाउंडर चिंधू तांडेल साक्षीदार म्हणून, साखरबाई बांबूंखाली आपल्या पाटावर. नलू दारात उभी होती असं मास्तर म्हणतात. कुंपणाबाहेर माणसं थांबलेली मला आवाजावरून कळत होती. सातवं कलम वाचताना मास्तर दोनदा ओळ चुकले. ते त्या दिवशी कुंपणाशी होते आणि काही बोलले नव्हते, हे त्यांना आठवलं असेल. वाचून झाल्यावर साखरबाई म्हणाली, "मला तवाच वाटलेलं, पोर खोटं नाय बोलत. पन तुज्या तोंडाला कोन लागंल, कमलाकांत?" मग नलूला म्हणाली, "तवा बाजारात मीच सांगितलं, पोरी. आता ह्ये पन मीच सांगीन."

आठवं झालं, नववं झालं. मग मास्तर थांबले. म्हणाले, "कमलाकांत, दहाचा आकडा आहे, पुढे दोन ओळी कोऱ्या आहेत."

मी दहावं कलम सांगितलं होतं. असं सांगितलं होतं की, नलिनी हिने मला माफ केले आहे, असे सर्वांनी समजावे. सांगून झाल्यावर विचारलं होतं, लिहिलंस का? ती म्हणाली होती, "झालं ना सगळं?" मी ते हो समजलो.

खोटं कशाला बोलू, कोरं आहे म्हटल्यावर आधी मला बरं वाटलं. बावीस वर्षं पाळत ठेवली आणि एकदाची सापडली, असं वाटलं. मी चढ्या आवाजात म्हटलं, बघा, सांगितलेलं लिहिलं नाही. कोणी माझ्या बाजूने बोललं नाही.

नलू दारातूनच म्हणाली, "घर तुमचं, हत्यारं तुमची, चूक पन तुमची. ते सगळं तुमी सांगितलं तसं लिहिलं, काका. माफी माजी हाय. ती तुमी कशी लिहून देता?"

मला हे आधी सुचायला हवं होतं. माझी नाही ती वस्तू मी माझ्या कागदात घातली होती. मी विचारलं, मग तू कधी लिहिशील?

"ठाऊक नाय. लिहीन की नाय ते पन ठाऊक नाय."

एवढं बोलून ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने चहा बाहेर आला, सगळ्यांना, मलाही. माझ्या हातात कप देताना ती नेहमी म्हणते तेच म्हणाली, "गरम हाय, काका."

मास्तर म्हणाले, मृत्युपत्रात कोरी जागा ठेवता येत नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून दोन्ही टोकांना सही करावी लागते, नाहीतर उद्या कोणीही तिथे काहीही भरेल. चिंधू तांडेल पण तेच म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या कोणाचा कागद असता तर मीच पहिला ओरडलो असतो. मी म्हटलं, रेघ मारायची नाही. मास्तर म्हणाले, पुढे काही लिहिलं तरी कायद्यात ते बसणार नाही. मी म्हटलं, बाकीची नऊ कलमं कायद्यासाठी आहेत, ती पुरेत.

तरी सर्वांस कळावे की, दहाव्या कलमातल्या दोन ओळी माझ्या राजीखुशीने मोकळ्या सोडलेल्या आहेत. त्या नलूच्या आहेत. तिने त्यांत पुढेमागे काही लिहिले, मग ते काहीही असो, अगर कधीच काही लिहिले नाही, तरी ते मला आजपासून मान्य आहे. ते कोणाकडून तपासून घेऊ नये.

वरील सर्व मजकूर मी कानांनी ऐकला, तो माझाच आहे, आणि मास्तरांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी सही करत आहे.

सही: कमलाकांत देवू चुरी

कलम एक ते नऊ लिहिणार: नलिनी रामा राऊत

वाचणार व शेवटचा मजकूर लिहिणार: जानू गोविंद सावे, निवृत्त शिक्षक, तारापूर

आम्हा दोघांसमोर लिहून ठेवणाऱ्याने सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: चिंधू बाळू तांडेल, कंपाउंडर, सही

साक्षीदार २: साखरबाई पोशा मेहेर, मासळी विक्री, डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण: तारापूर, तालुका पालघर

तारीख: १८ फेब्रुवारी १९९६